कावेरीचा डावा कान

प्रिय अण्णा,

सप्रेम जय भीम. तुम्ही जाऊन तीन वर्षं होत आली आणि एवढ्या दिवसांत मी तुम्हाला चार ओळीही लिहिल्या नाहीत. लिहिणाऱ्यांतली मी नव्हेच, हे तुम्हाला माहीत आहे. शाळेतले निबंधसुद्धा मी शेजारणीच्या वहीतून उतरवायची! पण आज लिहायला बसले, कारण कावेरी आली आहे.

हो, तीच. तुमची कावेरी. आमच्या बिल्डिंगच्या मागे मानपाड्याला एक अर्धवट बांधकामाचा प्लॉट पडून आहे. सोमवारपासून ती तिथे उभी आहे. माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून सरळ दिसते. रविवारी इथल्या एका बिल्डरच्या मुलाचं लग्न आहे आणि वरातीत नवरदेवाच्या पुढे हिला चालवायचं ठरलंय. डीजे, फटाके, ढोल, आणि मधोमध ती! आज गुरुवार.

मला भीती वाटते, अण्णा. ती कशाची, हे या अख्ख्या गल्लीत फक्त मला माहीत आहे. तुम्ही असतात तर दोघांना माहीत असतं.

सोमवारी सकाळी प्रज्ञा ओरडली, "मम्मी, इकडे ये लवकर! खाली हत्ती आलाय, कसला क्यूट आहे यार!" तुमची नात आता कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला आहे, पण हत्ती तिने मोबाईलवरच बघितलेला. मी कणकेच्या हाताने खिडकीशी गेले आणि तिथेच उभी राहिले. पोळ्या त्या दिवशी झाल्याच नाहीत.

गेली तीस वर्षं मी वागळे इस्टेटमध्ये रबरी वॉशर तपासतेय. तुम्हीच त्या कंपनीच्या गेटवर वॉचमन असताना साहेबांना गळ घालून मला चिकटवलंत. दिवसभर एकच काम, खोट शोधायची. तो डोळा घरी आला तरी मिटत नाही. आधी मला पाय दिसले. नखं फुटलेली. मागचा उजवा पाय ती पुरता टेकतच नव्हती. खाली मुरूम आणि सिमेंटचे तुकडे, सावलीला एक फाटकी ताडपत्री. साखळीच्या जागी कातडी चकचकीत झालेली. मग डावा कान. खालची पाळी फाटून लोंबणारी आणि कानाच्या मागे बांगडीएवढा जुना वण.

तो वण मी ओळखला.

ती डोलत होती. डावीकडे, उजवीकडे, डावीकडे, उजवीकडे. खाली पोरं टाळ्या पिटत होती, "नाचतेय बघ, नाचतेय!" सर्कशीतही लोक हेच म्हणायचे. तुम्ही एकदा मला तंबूच्या मागे उभं करून समजावलेलं. "नाचत नाय ती. बांधलेल्या जनावराला चालायचं असतं, म्हणून ती जागच्या जागी चालते. डोलते तोवर बरं. डोलायची थांबली आणि सोंडेचं टोक तोंडात घातलं, की बोलायचं नाय, वळायचं नाय, नुसतं मागं सरायचं."

मी विचारलं, "आणि नाही सरलं तर?" तुम्ही हसलात आणि माझ्या डोक्यावर टपली मारलीत. तेव्हा तुम्ही हसू शकत होतात.

मंगळवारी कामावरून आल्यावर मी खाली गेले. पत्र्याच्या कुंपणाला एक मोठी फट आहे, तिच्यातून आत शिरले. माहूत विटांवर बसून विडी ओढत होता. चाळिशीचा, काटकुळा, यूपीकडचा माणूस. मी हळूच म्हटलं, "कावेरी."

डोलणं थांबलं. एकदम थांबलं. तिने मान वळवली नाही, नुसती थांबली. कान हलत होते, तेही थांबले. मग सोंड सावकाश वर गेली आणि तिचं टोक तोंडात गेलं.

तिने मला ओळखलं नाही म्हणून तसं केलं, की ओळखलं म्हणून? अण्णा, तुम्ही असतात तर एका नजरेत सांगितलं असतंत. मला कळलं नाही. मी एकेक पाऊल मागे घेत गेले आणि पाठ पत्र्याला लागली तेव्हा थांबले. माहूत उठला, त्याने तिच्या नखावर काठी आपटली. "ए लक्ष्मी! हिल!" ती पुन्हा डोलायला लागली. तिचं नाव आता लक्ष्मी ठेवलंय.

"दीदी, आप जानते हो इसको?" माहुताने विचारलं. मी सांगितलं, माझे वडील सर्कशीत हिचे माहूत होते. त्याने विडी विझवली आणि हात जोडले. म्हणाला, चारच महिने झालेत त्याला हिच्याबरोबर. "मेरे पहलेवाला आदमी छोड के भाग गया. बोला, ये सोती नहीं. रात भर खडी रह के आदमी को देखती है." हे सांगताना तो तिच्याकडे पाठ करून उभा राहत नव्हता, हे मी बघितलं.

तुम्हाला आठवतं? वाघ, सिंह, अस्वलं, माकडं, सगळ्यांना कायद्याने सर्कशीतून काढलं, तेव्हा तुम्ही टीव्हीसमोर बसून नुसती मान हलवत होतात. "हत्तींचं काय?" मी विचारलं. "हत्ती राहिले," तुम्ही म्हणालात आणि उठून गॅलरीत गेलात. पुढे कितीतरी वर्षांनी हत्तीही निघाले. मला वाटलं, चला, सुटली बिचारी! पण सुटून गेली कुठे, हे विचारायचं ना मला सुचलं, ना तुम्हाला. माहूत म्हणतो, सर्कसवाल्यांनी कुणाला तरी दान दिली, त्याने पुढे दुसऱ्याला दिली. हायवेच्या कडेला उभं करून लोकांच्या डोक्यावर सोंड ठेवायला लावली. दुकानांच्या उद्घाटनांना नेली, वरातीत चालवली. साठीला टेकलेली म्हातारी, अण्णा! माणूस असती तर कधीच रिटायर होऊन नातवंडं सांभाळत बसली असती.

लहानपणी मला तुमचा केवढा तोरा होता! मोहन्याच्या चाळीत कुणाचा बाप कारखान्यात, कुणाचा रेल्वेत, आणि माझा बाप हत्तीवाला. सर्कस कल्याणच्या मैदानात लागली की आई डबा भरून द्यायची आणि मी बसने एकटी यायची. कावेरी स्टुलावर चढायची, बॅट धरून क्रिकेट खेळायची, आणि शेवटी घंटा वाजवून पिंडीवर पाणी घालायची. घरात आपण बुद्धवंदना म्हणायचो आणि तिकडे तुम्ही हत्तिणीला पूजा शिकवलेली! आई म्हणायची, "आपण सोडलं ते या माणसाने जनावराच्या गळ्यात नेऊन बांधलं." तुम्ही डबा खाता खाता ठसका लागेपर्यंत हसायचात.

ती पूजा शिकवली कशी जाते, ते मी एका सकाळी सरावाच्या वेळी बघितलं. त्यानंतर पूजेच्या त्या खेळाला मी कधी टाळ्या वाजवल्या नाहीत. तुमचा हात मारकुटा नव्हता, हे मी कुणालाही छातीठोकपणे सांगेन. बाकीच्यांचे हात मी पाहिलेत. पण अंकुश तुमच्याही हातात असायचा, अण्णा. तो कानामागे कुठे टेकवायचा म्हणजे ती निमूट गुडघे टेकते, हे तुम्हाला डोळे मिटून ठाऊक होतं.

आणि जखमा लपवायची ती युक्ती! खोबरेल तेलात काजळी कालवायची आणि सोललेल्या कातडीवर चोळायची, म्हणजे तिकीट काढून बसलेल्यांना काही दिसत नाही. मी बोटं काळी करून मदत करायची. मला तो खेळ वाटायचा. मला थांबवावंसं तुम्हाला कधीच नाही का वाटलं?

काल सकाळी मी कंपनीत निघाले, तर माहूत बिल्डिंगच्या गेटपाशी माझी वाट बघत उभा. जरा बाजूला घेऊन म्हणाला, "दीदी, एक बात बोलूं? पिताजी का कोई पुराना शर्ट होगा? बिना धुला? इतवार को पहन लूंगा. बस, एक दिन. मेरे को भी डर लगता है."

ती रीत अजून चालू आहे!

तुम्हाला काय सांगायचं, तुमच्याच सर्कशीतली रीत ही. हत्ती एका माणसाचा असतो. तो माणूस आजारी पडला, तर बदली माणसाने त्याच्या अंगावरचा न धुतलेला सदरा घालायचा आणि तोंडातून शब्द काढायचा नाही. वासावर हत्ती एखादा दिवस निभावून नेतो. आवाज ऐकला की फसवणूक त्याच्या ध्यानात येते.

आईच्या ट्रंकेत तुमचा एक खाकी सदरा अजून आहे. मी माहुताला म्हटलं, सगळे कपडे वाटून टाकले. चटकन म्हटलं, नजरही न हलवता. खोटं बोलायला मी तुमच्याकडूनच शिकले ना! तो "कोई बात नहीं" म्हणाला आणि मान खाली घालून गेला. रविवारी तिच्याशेजारून त्यालाच चालायचं आहे.

आता जुझेकाकांचं बोलू. तुमच्या हयातीत त्यांचं नाव आपल्या घरात कधी निघालं नाही. तुम्ही काढू दिलं नाहीत.

मी चौदा वर्षांची. मे महिना, सर्कस कल्याणला. तुम्हाला मलेरिया झालेला, मोहन्याला घरी, अंगावर दोन गोधड्या असूनही दात वाजत होते. मॅनेजरचा निरोप आला, सुट्टीची गर्दी आहे, हत्तीण रिंगणात आली पाहिजे. तुम्ही अंगातला सदरा काढून दिलात तो जुझेकाकांसाठी. उत्तनचा माणूस, तंबू उभारणाऱ्या खलाशांतला. सदा काहीतरी गुणगुणत असायचे, गप्प बसणं त्यांना जमायचंच नाही. आणि सगळ्यांतून तुम्ही त्यांनाच निवडलंत, कारण तुमच्याशिवाय कावेरी फक्त त्यांच्या हातचं खायची.

दुपारच्या शोच्या आधी तंबूच्या मागे तिला वळवायला त्यांनी अंकुश डाव्या कानामागे लावला. तिथे गळू होतं. आठ दिवस ठसठसत होतं. वरून काहीच दिसत नव्हतं, कारण मॅनेजरच्या हुकमावरून तुम्ही त्याच्यावर काजळी लावलेली. लोकांना दिसलं नाही, तसं जुझेकाकांनाही दिसलं नाही.

पुढचं मी पाहिलेलं नाही. एक माणूस स्कूटरवरून तुम्हाला घ्यायला आला आणि तुम्ही तापात तसेच गेलात. तुम्ही पोहोचलात तेव्हा ती शांत उभी होती. तुम्ही तिला साखळी घातलीत. तोवर मॅनेजरने जुझेकाकांचं प्रेत उचलून मधल्या मोठ्या खांबाच्या पायथ्याशी ठेवलेलं. सांगायचं काय, तर खांबावर चढले होते, पाय सटकला, पडले. पोलिसांसमोर तुम्हीही तेच सांगितलंत आणि खाली सही केलीत. दुपारचा शो एक तास उशिरा झाला. पण झाला! संध्याकाळी कावेरीने घंटा वाजवून पूजाही केली.

खरं सांगितलं असतं तर तिला गोळी घातली असती, हे तुमचं म्हणणं मला पुढे आईकडून कळलं. असेल. तेव्हा कदाचित तसंच झालं असतं. पण अण्णा, तुम्ही तिला वाचवलंत आणि पुन्हा त्याच स्टुलावर चढवलंत! आणखी सहा वर्षं चढवलंत. मग एक दिवस तुम्ही पेटी उचलून घरी आलात आणि वॉचमनचा डंडा हातात घेतलात. ती तिथेच राहिली. माणसाला नोकरी सोडता येते.

दर नाताळला तुम्ही फिलूमावशीकडे जायचात, जुझेकाकांच्या बायकोकडे. पिशवीत संत्री घेऊन जायचात आणि परत आलात की जेवायचा नाहीत. आम्ही कुणी विचारायचो नाही. शेवटच्या आजारात मात्र एकदा तुम्ही स्वतःहून बोललात. मी तुम्हाला पेज भरवत होते. "सुजे, मी सदरा दिला. कान सांगायचा राहिला." मी तुमचं तोंड पुसलं, वाटी उचलली आणि मोरीत जाऊन घासत बसले.

आज रजा टाकून मी ठाण्याला वनखात्याच्या ऑफिसात गेले. तिथल्या बाईंनी सगळं नीट ऐकून घेतलं. म्हणाल्या, "ताई, मालकीचे कागद आम्ही मागवलेत, त्याला वेळ लागेल. पण हत्तीण धोकादायक आहे, हे नुसतं वाटून चालत नाही. पूर्वी काही घडलंय का? कुणी दगावलंय? असेल तर सहीनिशी लिहून द्या. मग रविवारच्या आत हलवायचा प्रयत्न करता येईल."

मी विचारलं, "मारणार नाहीत ना तिला?"

"नाही हो! हत्तींच्या केंद्रात नेतील. मऊ माती असते तिथे, डॉक्टर असतात. स्टुलावर कुणी चढवत नाही."

मी बाहेर येऊन बाकड्यावर बसले, हातात कोरा कागद. लिहायचं म्हणजे तुमचं नाव लिहावं लागणार. पोलिसांना खोटा जबाब दिला, असं लिहावं लागणार. तुमच्या शोकसभेत विहारात माणसं उठून उठून बोलली होती, सरळ माणूस, कुणाच्या अध्यात ना मध्यात. त्यातलं कुणी उद्या वाटेत भेटलं तर मी काय तोंड दाखवू? माझ्याने अक्षरही उमटेना. कागद पर्समध्ये घालून मी घरी आले.

घरी येते तर प्लॉटवर डीजेचा टेम्पो लागलेला. रविवारची ट्रायल! पहिला ठोका पडला आणि माझ्या मांडणीवरची भांडी थरथरली. मी खिडकीशी धावले. खाली एका बाईने तान्हं मूल दोन्ही हातांत उचलून कावेरीच्या सोंडेपुढे धरलेलं, नवरा फोटो काढत होता. आणि कावेरी डोलत नव्हती. तिची सोंड वर निघाली होती.

"मागं घ्या!" मी एवढ्या जोरात ओरडले की घसा फाटला. "पोराला मागं घ्या! गाणं बंद करा!" बाई दचकून चार पावलं मागे झाली. माहूत टेम्पोकडे धावला. आवाज बंद झाला. सगळे वर माझ्याकडे बघायला लागले. काही झालं नाही, अण्णा. काहीच झालं नाही. "आशीर्वादच घेत होतो ना ताई, एवढं काय ओरडायचं?" ती बाई खालून म्हणाली. तिचं मूल रडत होतं, माझ्या ओरडण्याने.

प्रज्ञा आतून आली. "मम्मी, कशाला ओरडलीस? काय झालं?" मी म्हटलं, "सांगते. आधी एक फोन करू दे."

फिलूमावशी आता ठाण्याला लेकीकडे असते. सत्तरी ओलांडली, पण आवाज तसाच खणखणीत. मी म्हटलं, "मावशी, मी सुजाता. हत्तीवाल्या अण्णांची."

"बोल गो पोरी."

मी सांगून टाकलं. जुझेकाका खांबावरून पडले नव्हते, मावशी. हत्तीण होती. अण्णा खोटं बोलले.

"मना ठावं हाय," ती म्हणाली. "मीच त्याला न्हाऊ घातलेला. खांबावरशी पडलेल्या माणसाची छाती अशी नसते गो. नि त्याच्या अंगावर तुझ्या बापाचा सदरा होता. मना काय समजणार नाय?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"तुझा बाप दर नाताळला यायचा. बसायचा, चाय प्यायचा, जायचा. मी दर साल म्हणायची, आज बोलेल. नाय बोलला. खोटं बोलला ते एक वेळ जाऊ दे. पण माझ्यासमोर बसून चाय पीत राहिला! ते मी माफ नाय केलेलं. मेला तरी नाय." मग तिने विचारलं, "ती अजून जिती हाय? पायात साखळी हाय?"

"आहे, मावशी."

"तर मग मी पण सही करते. उद्या ये मला न्यायला."

ऐकलंत, अण्णा? तुम्ही दोघं समोरासमोर बसायचात आणि दोघांना ठाऊक होतं. एवढे नाताळ! ती तुमच्या बोलण्याची वाट बघत होती आणि तुम्ही संत्री ठेवून उठायचात.

फोन ठेवल्यावर मला हलकं वाटायला हवं होतं. नाही वाटलं. कारण एक गोष्ट मी मावशीला सांगितली नाही. तुम्हालाही कधी सांगितली नाही. कान सांगायचा राहिला, म्हणालात ना? राहिला नव्हता, अण्णा. तुम्ही सांगितलेलात. मला!

सदरा घेऊन मैदानावर गेलेली मीच होते. दाराच्या चौकटीला धरून, दात वाजत असताना तुम्ही मला दोनदा बजावलंत. "जुझेला सांग, तोंडातून शब्द काढू नको. आणि डाव्या कानाला हात लावू नको, पिकलाय तो." मी पिशवी घेऊन गेले. जुझेकाकांनी सदरा चढवला, तो त्यांना पोटावर तंग झाला. मी म्हटलं, "अण्णा म्हणालेत, अजिबात बोलायचं नाही." त्यांनी लगेच ओठांवर बोट ठेवलं आणि मुक्यासारखे हातवारे करायला लागले. सदऱ्याकडे बोट दाखवून पोट आत ओढायचे, डोळे फिरवायचे. मी हसून हसून बेजार झाले. हसत हसतच बस पकडली. कान राहून गेला.

पण मी विसरले होते, असं समजू नका. शहाडच्या पुलावर मला आठवलं. बस हळू चालली होती, उतरता आलं असतं, चालत मागे जाता आलं असतं. ऊन रणरणत होतं आणि मला खिडकीची जागा मिळालेली. मी म्हटलं, उद्या जुझेकाकांना डबा न्यायचाच आहे, तेव्हा सांगू. आणि मी बसून राहिले.

तुम्ही मला एकदाही विचारलं नाहीत. एकदाही नाही! का नाही विचारलंत? माझा चेहरा बघूनच तुम्हाला कळलं होतं, मला माहीत आहे. विचारलं असतंत तर मी रडले असते, चार थपडा खाल्ल्या असत्या, मावशीच्या पाया पडले असते. तुम्ही माझी चूक स्वतःकडे घेतलीत आणि जाताना मलाच ऐकवलीत, म्हणजे मी सुटेन. मी सुटले नाही हो. बसमध्ये कुणी खिडकीची जागा दिली तरी मी उभी राहते. प्रज्ञा चिडवते मला. तिला वाटतं, पाठ दुखते माझी.

कागद लिहून झाला आहे. प्रज्ञाला समोर बसवून लिहिला. तुमचा खोटा जबाब त्यात आहे, गळू आहे, काजळी आहे. ती ओळ लिहिताना पेन दोनदा खाली ठेवलं, तुमची शप्पथ. त्याच्याखाली माझा राहिलेला निरोप आहे, शहाडच्या पुलासकट. वाचून झाल्यावर पोरगी उठून खिडकीपाशी गेली आणि खाली बघत राहिली.

उद्या सकाळी साडेनऊला मी मावशीकडे जाईन. तिची सही घेण्याआधी सगळा कागद तिला वाचून दाखवेन. शेवटचा परिच्छेद ऐकून ती सही करील की मला दाराबाहेर काढील, मला ठाऊक नाही. बाहेर काढलं तर एकटीच्या सहीने देईन. रविवारच्या आत गाडी येते की नाही, तेही मला सांगता येत नाही. पण एक शब्द देते, अण्णा. मावशी दार उघडेल, आत घेईल, सवयीने माझ्यासमोर चहा आणून ठेवेल. सगळं बोलून झाल्याशिवाय मी तो कप उचलणार नाही.

तुमची,
सुजाता